डोंगरातली होडी

अनिश, रेवा,

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना माझ्यामागच्या फडताळात तुम्हाला एक पांढरा लाकडी घोडा दिसला आणि रेवाने विचारलं, आजी, तू त्याच्याशी खेळतेस का? मी ते हसण्यावारी नेलं, कारण तुमच्याकडे जेवणाची वेळ झाली होती आणि या घोड्याची हकिकत जेवण निवेपर्यंत संपणारी नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. अक्षर लावायला अडलात तर आईला विचारा.

मला कुठलीही गोष्ट क्रमाने सांगायला आवडते. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही, हे तुमच्या आईने तक्रारीच्या सुरात तुम्हाला सांगितलं असेलच. पण हा घोडा ज्यांचा, ते गृहस्थ क्रमात बसणारे नव्हते. तेव्हा जसे आठवतील तसे सांगते.

आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. तिसऱ्या मजल्यावर ओळीने चौदा खोल्या आणि सगळ्यांना मिळून एक लांब गॅलरी. जिन्याकडच्या शेवटच्या खोलीत ते एकटे राहत. सगळे त्यांना आबा म्हणत, आणि मुलं त्यांच्या पाठीमागे ‘घोडेवाले’ म्हणत. मी कॉलेजात होते तेव्हा ते ऐंशीच्या घरात आले होते. शिडशिडीत, ताठ, डोक्याला काळी टोपी, आणि भर मे महिन्यातही अंगात कोट. कोट असायचा तो खिशांसाठी. त्या खिशांत सुंभाचा तुकडा, हळकुंड, शिंपला, पणतीची वात, गळाचा गंजका आकडा, असं काय काय असे. जिन्यात कोणी भेटलं की त्यातली एखादी वस्तू समोर धरून ते विचारत, “ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?” तुमच्याकडे म्हणजे गिरगावात नव्हे. कोणी गिरगावातला शब्द सांगितला तर ते मान हलवत आणि म्हणत, “तो मला ठाऊक आहे. तुमची आई काय म्हणायची?”

वस्तू समोर ठेवल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला शब्द विचारला नाही. हा त्यांचा नेम होता. त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता घोड्याचं. इंग्रजांच्या राज्यात, एकोणिसावं शतक संपत आलं होतं तेव्हा सरकारने हिंदुस्थानातल्या भाषा मोजायला घेतल्या. जनगणनेत माणसं मोजतात तशा. कोण कुठे काय बोलतं, कुठली बोली कुठल्या भाषेची लेक, कुठली भाषा कुठल्या कुळातली, याची एक मोठी वंशावळ तयार करायची होती. त्यासाठी गावोगावच्या कचेऱ्यांत छापील कागद आले. त्यांत शब्दांची यादी होती, काही वाक्यं होती, आणि शेवटी बोलणाऱ्याने आपल्या मनाने सांगितलेली एखादी हकिकत लिहायला जागा होती. कचेरीतल्या कारकुनाने ती बोली बोलणारा माणूस गाठायचा, त्याच्याकडून हे सगळं वदवून घ्यायचं, जसंच्या तसं लिहायचं आणि खाली सही करायची. पुढे ते जाड जाड खंडांत छापलं गेलं. आबा वयाच्या एकविसाव्या वर्षी दक्षिण कोकणातल्या अशाच एका कचेरीत कारकून होते.

सरकारी वाक्यांत घोडे फार होते. घोडा, त्याचं वय, त्याचं खोगीर, खोगीर कुठे ठेवलं आहे वगैरे. यादी करणारा साहेब घोड्यावरून फार पडला असावा, असं आबांचं मत होतं. नोकरी संपून वीस-बावीस वर्षं झाली तरी त्यांनी ती यादी सोडली नव्हती. वस्तू समोर हवी हा नेम, म्हणून सावंतवाडीचा हा घोडा त्यांनी मिळवला आणि खालच्या शिंप्याकडून लाल मखमलीच्या चिंधीचं खोगीर शिवून घेतलं. खोगीर आता उरलेलं नाही. ते तुमच्या आईने लहानपणी बाहुलीला रजई म्हणून वापरलं.

शीव कोळीवाड्याहून एक कोळीण आमच्या चाळीत मासे घेऊन यायची. ती टोपली उतरवायची आणि आबा पायरीवर घोडा उभा करायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आबा, रोज रोज घोडा काय दाखवता? एक दिवस पापलेट घ्या की.” आबांनी पापलेट घेतलं, आणि पापलेटाच्या शेपटीला ती काय म्हणते तेही लिहून घेतलं. ते स्वतः मासे खात नसत. ते पापलेट आमच्याकडे आलं.

वेळकाळ त्यांना कळत नसे. दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा वारले तेव्हा आबा समाचाराला गेले. गावाहून आलेली आजोबांची बहीण रडता रडता काहीतरी बोलली, आणि आबांनी खिशातून पेन्सिल काढली. माझ्या आईने त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. घरी परतताना ते लहान मुलासारखे तिच्यामागून चालत होते. जिन्यात म्हणाले, “वहिनी, तो शब्द मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.” आईने पेन्सिल परत दिली.

मला बघायला एक घरंदाज मंडळी आली होती, तेव्हाही आबा घोडा घेऊन आले. मुलाच्या आईला त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, तुमच्या माहेरी खोगिराला काय म्हणत? बाई म्हणाल्या, आमच्यात असलं कोणी विचारत नाही. दोन दिवसांनी नकार आला. माझे वडील आबांवर महिनाभर रागावले होते. मी नव्हते. तुमच्या आजोबांना पुढे हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांनी घोडा हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि आपल्या आजीचा शब्द सांगितला.

शनिवारी दुपारी मी आबांकडे काम करायला जात असे. माझं अक्षर चांगलं, मी टायपिंग शिकले होते आणि वस्तू जागच्या जागी ठेवायची, म्हणून आईनेच मला पाठवलं. त्यांच्या खोलीत बिस्किटांचे पत्र्याचे डबे भिंतीला लावून छतापर्यंत रचलेले होते. प्रत्येकात शेकडो चिठ्ठ्या. मी डब्यांवर जिल्हे आणि तालुके लिहायला घेतले, तर ते म्हणाले, तालुका साहेबाने पाडलेला असतो. त्यांचे डबे नद्यांचे आणि खाड्यांचे होते. अमक्या खाडीच्या अलीकडचं, तमक्या नदीच्या पलीकडचं. नदी ओलांडायला तरीत बसावं लागतं तिथे बोलणं बदलतं, असं ते म्हणत. मला ते अशास्त्रीय वाटे, पण मी त्यांच्या पद्धतीने डबे लावले.

एकदा त्यांनी मला चाळीतल्या भांडीवालीकडून दहा शब्द आणायला सांगितले. मी आणले. चिठ्ठ्या वाचताना ते एका ठिकाणी थांबले.

“बाये, हे तिने म्हटलं की तू?”

“तिनेच. मी फक्त शुद्ध करून लिहिलं.”

त्यांनी ती चिठ्ठी हळूच दुमडली आणि बाजूला ठेवली. “हे सरकारी कारकुनाचं काम झालं,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्या दुपारी त्यांनी मला दुसरं काम दिलं नाही. इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी मी, मला कारकून म्हटलं याचा राग आठवडाभर गेला नाही. ते माझ्याविषयी बोलत नव्हते, हे मला तेव्हा समजलं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य व्हावं, मुंबई त्यात असावी, यासाठी माणसं रस्त्यावर उतरत होती. आमच्या चाळीच्या भिंतीवर चुन्याने घोषणा लिहिल्या होत्या. दुकानं मध्येच धडाधड बंद होत आणि आई गॅलरीत उभी राहून कोण घरी आलं आणि कोण नाही ते मोजत असे. गोळीबारात माणसं गेली होती. त्यामुळे भाषा हा आमच्याकडे नुसता गप्पांचा विषय नव्हता.

माझा मोठा भाऊ, तुमच्या आईचा मामा, नुकताच वकील झाला होता. आम्ही त्याला दादा म्हणत असू. दक्षिणेकडच्या सीमेवरची काही गावं महाराष्ट्रात यावीत म्हणून वकील आणि शिक्षक मंडळी एक निवेदन तयार करत होती. त्यात दादा होता, आणि त्याचं टायपिंग माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड खंड घेऊन घरी आला. तो त्या जुन्या सरकारी पाहणीचा खंड होता. त्यात घाटमाथ्यावरच्या एका गावाजवळ डोंगरात म्हशी राखून राहणाऱ्या लोकांच्या बोलीचा नमुना छापलेला होता, आणि वर स्वच्छ लिहिलं होतं की ही बोली मराठीची, कोकणातल्या बोलण्याच्या अगदी जवळची. ते गाव नेमकं भांडणातलं होतं.

दादा तसाच आबांच्या खोलीत गेला. मी त्याच्यामागे गेले. “आबा, इंग्रजाने स्वतः लिहून ठेवलंय,” तो म्हणाला. “आणि नमुना तुमच्या कचेरीतून गेलेला आहे. घेणारे तुम्हीच ना?”

आबांनी खंड मांडीवर घेतला, पान पाहिलं आणि त्यावर आपला हात पालथा ठेवला. “मीच,” ते म्हणाले.

दादाला आनंदाने काय करावं ते सुचेना. पंधरा दिवसांनी दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. आबांनी तिथे उभं राहून एवढंच सांगायचं, की हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि माझ्या हाताने लिहिलं. असा साक्षीदार साठ वर्षांनी हयात सापडणं म्हणजे भाग्य, असं दादा पुन्हा पुन्हा म्हणत होता. आबा म्हणाले, बघतो.

ते पान निवेदनात उतरवायला माझ्याकडे आलं. मी ते टाइप करू लागले. छापील हकिकत एका बाईने सांगितलेली होती, लग्न होऊन सासरी जातानाची. त्यातल्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत. “माका होडयेत बसयल्यांनी. पानी भरत येय होता. आवशीचो हात माज्या हातात होतो, मगे तो सुटलो.”

मला होडीत बसवलं. पाणी भरत येत होतं. आईचा हात माझ्या हातात होता, मग तो सुटला.

मी टाइप करता करता थांबले. नकाशा पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही, म्हणून दादाचा नकाशा काढला. ते गाव घाटाच्या वर होतं. सगळ्यांत जवळची खाडी दोन दिवसांच्या चालीवर. मी पान घेऊन आबांकडे गेले आणि विचारलं, “आबा, डोंगरात होडी कुठून आली?”

ते खिडकीपाशी बसले होते. त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“साठ वर्षांत हे कोणी विचारलं नाही,” ते म्हणाले. “साहेबाने नाही, छापणाऱ्याने नाही. बस.”

मग त्यांनी सांगितलं. हुकूम आला तेव्हा आषाढ होता. ते डोंगराकडे निघाले. वाटेतली नदी फुगलेली होती. तीन दिवस ते धर्मशाळेत पाणी उतरायची वाट पाहत बसले आणि पाणी उतरलं नाही. कागद पाठवायची मुदत जवळ आली होती. ते घरी परतले. त्यांची आई तांदूळ निवडत बसली होती आणि शेजारणीला आपली तीच जुनी गोष्ट सांगत होती, नवरी होऊन खाडी ओलांडून ती या घरी कशी आली. आबांनी कागद पुढे ओढला आणि ती गोष्ट लिहून काढली. डोंगरातली वाटावी म्हणून चार शब्द वाकडे केले. घोड्याच्या वाक्यांतले शब्द असेच बसल्या जागी घातले. वर त्या म्हशीवाल्यांचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. साहेबाने समासात शाबासकी लिहिली. त्या शाबासकीवर आबा नोकरीत कायम झाले.

“होडी तेवढी काढायची राहिली,” ते म्हणाले. “तिच्या गोष्टीतून होडी काढली तर मागे उरतं काय?”

खंड छापून आला त्याच्या आधीच त्यांची आई गेली होती. तिचा फोटो नव्हता. तिला लिहिता येत नव्हतं. तिचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते त्या पानावर होतं, आणि वर नाव दुसऱ्यांचं होतं.

माझ्या ध्यानात आलं की सभेत आबा काय बोलणार यावर आता बरंच काही अवलंबून आहे. त्यांनी खरं सांगितलं तर निवेदनाचा एक खांब पडत होता, आणि दादाच्या मंडळींची सर्वांसमोर शोभा होत होती. शिवाय ते पान खोटं ठरलं की त्याबरोबर त्यांची आईही खोटी ठरणार होती. मी एक तोडगा काढला. निवेदन मीच टाइप करते आहे, मी म्हटलं, ते पान मी गाळते. तुम्ही तब्येतीचं कारण सांगा. कोणाला कळणार नाही.

आबा हसले. “बाये, मी तेव्हा अगदी हेच म्हटलं होतं. कोणाला कळणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, आपण त्या डोंगराचं माणूस शोधू. मला आश्चर्य वाटलं की इतक्या वर्षांत त्यांनी ते का केलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत घाटावरची, कोकणातली, सगळीकडची माणसं होती. आबांचे डबे त्यांच्या शब्दांनी भरलेले होते. त्या एका डोंगराचा डबा मात्र त्यांच्याकडे नव्हता. साठ वर्षं ते सगळ्यांना विचारत हिंडले होते, फक्त ज्यांना विचारायचं होतं त्यांना सोडून.

आम्ही ट्रामने लालबागला गेलो, सलग चार दिवस. माझं कॉलेज बुडालं. खानावळीत विचारलं, चाळींच्या जिन्यांत विचारलं, गिरणीच्या दारात पाळी सुटताना उभे राहिलो. आबांचा कोट पाहून लोकांना वाटे की ते घरभाड्याच्या वसुलीला आले आहेत. चौथ्या दिवशी मसाला कुटायच्या डंकावर एका बाईने सांगितलं की आत मिरची चाळायला बसते ती जनाई त्या डोंगराच्या अंगाची आहे. आत मिरचीचा इतका खाट होता की आबांना आणि मला शिंकांमुळे नाव विचारणंही जमेना. जनाई आमच्याकडे पाहून हसत बसली. सत्तरीची होती. तिचा मुलगा गिरणीत कामाला होता. काम संपल्यावर ती आम्हाला आपल्या खोलीवर घेऊन गेली आणि पाणी दिलं.

आबांनी घोडा जमिनीवर ठेवला.

जनाईने घोडा पाहिला. “आमच्या डोंगरात घोडं न्हाई चढत,” ती म्हणाली. “म्हस चढती.”

आबांनी चिठ्ठीवर लिहिलं, घोडा नाही. पुढच्या चिठ्ठीवर, खोगीर नाही. मग त्यांनी घोडा कोटाच्या खिशात टाकला आणि तिला म्हणाले, तुमच्या मनाने काहीही सांगा, घरी आईशी बोलायचात तसं. ती आधी लाजली, आणि मग तिने तिच्या वडलांच्या एका म्हशीची गोष्ट सांगितली. ती म्हैस पावसात हरवली आणि वडील तिला हाका मारत तीन दिवस डोंगर फिरले, एवढं मला कळलं. बाकी निम्मं कळलं नाही. त्यात आपले शब्द होते, घाटापलीकडचे होते, आणि काही असे होते की जे मी त्याआधी ऐकले नाहीत आणि नंतरही नाही. आबांनी तिला एकदाही थांबवलं नाही. शेवटी त्यांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. आपलं बोलणं कोटवाल्या माणसाच्या तोंडून ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली.

“तू आमच्यात कवा आलतास रं?”

“निघालो होतो,” आबा म्हणाले. “नदी आडवी आली.”

“लई येळ लावलास,” जनाई म्हणाली.

त्या संध्याकाळी आबांनी दादाला सगळं सांगितलं. दादा संतापला. एवढा मोठा लढा चालू आहे, माणसं गेली आहेत, आणि तुम्हाला आत्ताच हे आठवावं? त्याने निवेदनातून ते पान काढायचं कबूल केलं, पण आबांनी सभेला येऊ नये, असं बजावलं. आबा म्हणाले, “पान तू गाळशील. पण ते छापलेलं आहे. उद्या दुसरा कोणी काढील आणि माझ्या सहीवर विश्वास ठेवील.” दादाने दार आपटलं. एरवी आमच्या गॅलरीत दार वाऱ्यानेच काय ते आपटत असे.

रविवारी आबा सभेला आले. त्यांच्याबरोबर जनाई होती आणि तिचा मुलगा. मुलाच्या डोक्याला पट्टी होती. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं असतील. आबा परवानगी न मागता उभे राहिले आणि त्यांनी नदी, धर्मशाळा, तांदूळ आणि सही, सगळं क्रमाने सांगितलं. आयुष्यात क्रमाने त्यांनी एवढंच सांगितलं असेल. मागून कोणीतरी म्हणालं, ह्या म्हाताऱ्याला कोणी पाठवलंय? दादा खाली मान घालून बसला होता. मी त्याच्या शेजारी होते आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

अध्यक्ष एक वयस्क वकील होते. त्यांनी शांतपणे जनाईला विचारलं, “आजी, तुमची भाषा कुठली?”

“आमची.”

“म्हणजे मराठी की दुसरी?”

“ते तुमी लिवा. मी बोलती.”

“बरं, तुम्हाला कुठल्या राज्यात राहायचंय?”

“मी लालबागला राहाती,” जनाई म्हणाली, आणि लोक हसले. ती हसली नाही. तिने मुलाच्या डोक्याकडे बोट केलं. “तुमच्या मोर्च्यात गेलावता ह्यो. टाकं पडल्यात. ह्येला इचारा की कुटं राहायचं. पुस्तकाला काय इचारता?”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी जनाईच्या मुलाला पुढे बोलावलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

पुढच्या रविवारी जनाईचा मुलगा त्या बाजूच्या गावांतली, लालबाग-परळला राहणारी माणसं घेऊन आमच्या चाळीत आला. गॅलरी भरून गेली. ज्याने त्याने आपलं गाव सांगितलं आणि काय हवं ते सांगितलं, आणि कागदावर अंगठे उठले. निवेदनात त्या पानाच्या जागी तीच पानं गेली. मी ती टाइप केली. त्यांचं बोलणं मी शुद्ध केलं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग ते गाव मिळालं का? नाही. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, गिरगावात दिव्यांच्या माळा लागल्या आणि आईने सगळ्या मजल्याला पेढे वाटले. ते गाव हद्दीच्या पलीकडे राहिलं. खऱ्या कागदाने मिळालं नाही, आणि खोट्याने मिळालं असतं असंही मला वाटत नाही, पण दादाला बरेच दिवस तसं वाटत होतं. तो आबांशी दोन महिने बोलला नाही. मग एके दिवशी कोर्टातून येताना त्याने वाटेत मिळालेलं कसलंतरी रानफळ खिशातून काढलं आणि आबांच्या दारात उभं राहून विचारलं, “ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?” आबांनी त्याला आत बोलावलं. दार लोटलेलं होतं, त्यामुळे पुढचं मला माहीत नाही.

आबांनी एक काम मात्र माझ्याकडून करून घेतलं, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. सात वेळा लिहिली, आठवी ठेवली. ती घेऊन आम्ही फोर्टातल्या जुन्या ग्रंथालयात गेलो, जिथून दादाने खंड आणला होता. आबा दारातल्या माणसाशी त्याच्या गावाविषयी बोलत उभे राहिले, घोड्यासकट, आणि पुस्तकाच्या पानाचा कोपराही कधी न दुमडणारी मी आत जाऊन त्या पानावर डिंकाने चिठ्ठी चिकटवून आले. चिठ्ठीवर लिहिलं होतं की या पानावरची हकिकत वर नाव दिलेल्या लोकांची नाही. ती लिहिणाऱ्याच्या आईची आहे, आणि तिने ती तांदूळ निवडताना सांगितली. खाली तिचं नाव होतं. परत येताना आबा ट्राममध्ये कोणालाच काही विचारत नव्हते. कोट काढून त्यांनी मांडीवर घेतला होता. कोटाशिवाय मी त्यांना त्या दिवशी प्रथम पाहिलं.

दोन वर्षांनी ते गेले. डबे आणि घोडा त्यांनी माझ्यासाठी ठेवले होते. वरच्या डब्यावर कुठल्याच नदीचं नाव नव्हतं. त्यात जनाईची म्हैस होती.

तुमच्या आईने मला मागच्या महिन्यात दाखवलं की ते सगळे खंड आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. तिने ते पान काढून दिलं. अक्षरं तीच, समास तोच. पण ती प्रत दुसऱ्या कुठल्यातरी ग्रंथालयातली आहे आणि तिच्यावर चिठ्ठी नाही. माझी चिठ्ठी एकाच प्रतीत आहे, डिंक टिकला असेल तर.

म्हणून हे लिहिलं. आईला ते पान काढून द्यायला सांगा आणि दोघांनी मिळून ते मोठ्याने वाचा, अडखळत का होईना. वर ज्यांचं नाव छापलं आहे त्यांच्या डोंगरात होडी नव्हती. हे बोलणं आबांच्या आईचं, सगुणाचं आहे. पाणी भरत येत होतं, आणि तिच्या आईचा हात तिच्या हातातून सुटला होता.

तुमची,
आजी